नातवंडांसाठी छोटी रेल्वे (लेआउट)

खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली गाडी, तिचे रूळ आणि भोवतीचा डोंगर, गाव, फलाट असा देखावा फळीवर उभा केला की त्याला छंदी मंडळी ‘लेआउट’ म्हणतात. हा छंद मुख्यतः जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत वाढला. त्यात दोन पंथ आहेत. एका पंथाला इंजिनावरच्या क्रमांकापासून वेळापत्रकापर्यंत सगळे अस्सलाबरहुकूम हवे असते. दुसऱ्या पंथातले आजी-आजोबा नातवंडांबरोबर खेळायला रूळ मांडतात. तिथे मालगाडीच्या वाघिणीत बसून डायनासोर गेला तरी कोणी हरकत घेत नाही. ही नोंद दुसऱ्या पंथाची आहे.

जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली. तिच्या रुळांची रुंदी ठरलेली होती आणि तुकडे एकमेकांना जोडता येत होते. म्हणजे खेळणे एकदा घेऊन संपत नव्हते. दर वाढदिवसाला एखादा डबा, एखादा सांधा वाढवता येई. अमेरिकेत लायोनेल कंपनीची पहिली विजेची गाडी १९०१ च्या सुमारास दुकानाच्या काचेआड गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी बनली होती. लोक माल सोडून गाडीच मागू लागले. ख्रिसमसच्या झाडाभोवती गाडी फिरवण्याची प्रथा तिथे पुढे घरोघरी रुजली. ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या गाड्या १९२० पासून आल्या.

सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७, म्हणजे ‘एचओ’. त्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटिश ‘ओओ’ गाड्या १:७६ च्या असूनही त्याच रुळांवर धावतात. ‘एन’ (१:१६०, रूळ ९ मिलिमीटर) जागा वाचवते, पण पाच वर्षांच्या बोटांना तिचे चाक रुळावर बसवणे जमत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला विजेविना चालणारी लाकडी गाडीच बरी. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद असल्याने १:८७ मध्ये तिला १९ मिलिमीटरहून थोडे रुंद रूळ लागतील. तयार रुळांवर चालवलेली भारतीय गाडी त्यामुळे मुळातच थोड्या अरुंद रुळांवर उभी असते. नातवाला हे कळत नाही, आजोबांना मात्र खुपते.

आखणी करताना पहिले माप मुलाच्या हाताचे घ्यावे. डबे घसरणार हे धरूनच चालायचे. म्हणून कुठलाही रूळ काठापासून मोठ्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात, साधारण अडीच फुटांच्या आत हवा आणि फळी मुलाच्या छातीच्या उंचीवर. ओओ संचातले सर्वांत घट्ट वळण ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे आणि त्यापुढचे ४३८ मिलिमीटरचे असते. म्हणून सहा बाय चार फुटांच्या प्लायवर दोन वर्तुळाकार मार्ग एकात एक बसतात. दोन मुले असतील तर दोन मार्ग हवेतच, नाहीतर भांडणे सोडवण्यात दुपार जाते. शंभर किलोमीटर वेगाची गाडी १:८७ मध्ये सेकंदाला अवघे ३२ सेंटिमीटर जाते. मुलांना हा वेग रटाळ वाटतो. ती वेग कमी-जास्त करणारा नियंत्रक पूर्ण फिरवतात आणि पहिल्याच वळणावर इंजिन बाहेर पडते. कमाल वेग बांधून ठेवता येईल असा नियंत्रक घेणे हाच त्यावर उपाय.

नवख्यांच्या दोन चुका नेहमीच्या. पहिली उड्डाणपुलाची. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला सुमारे ७५ मिलिमीटर उंची लागते. तीन टक्के चढ धरला तर ती गाठायला अडीच मीटर लांबीचा उतार हवा आणि खाली यायला तेवढाच पुन्हा. छोट्या फळीवर तो मावत नाही. दुसरी चूक मुलेच सुचवतात: गाडी वळून त्याच रुळावर उलट दिशेने परत यावी. दोन रुळांतून वीज येणाऱ्या पद्धतीत अशा फेऱ्यात डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. त्या तुकड्याची वीज बाकी रुळांपासून वेगळी करून तिची ध्रुवता, म्हणजे धन-ऋण बाजू, बदलण्याची सोय करावी लागते. मेर्कलिनच्या एचओ गाड्या रुळांच्या मधूनही वीज घेत असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

देखाव्यासाठी मराठी घरांना वेगळे शिक्षण लागत नाही. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना गोणपाट, दगड आणि मातीचा डोंगर सवयीचा असतो. किल्ल्यावर हळीव पेरतात तसे इथे मात्र करू नये. पाणी आणि विजेचे रूळ एकत्र नांदत नाहीत. हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा गवतासारखा दिसतो, वाळवलेला चहाचा चोथा मातीसारखा. फळी पावसाळ्यात फुगते आणि रुळांचे जोड हलतात, म्हणून पाण्याला टिकणारे प्लाय घ्यावे. लहान घरात ती उभी करून ठेवण्याजोगी किंवा पलंगाखाली सरकणारी असावी.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १:८७ चे आहे. तिथे गाड्या प्रेक्षकांसमोर धावतात आणि मुले त्या पाहतात. हॅम्बुर्गला २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिनिआटुर वुंडरलांड’मध्ये मात्र प्रेक्षकांसाठी ठिकठिकाणी बटणे आहेत, एक दाबले की छोट्या कारखान्यातून चॉकलेटचा खराखुरा तुकडा बाहेर येतो. घरच्या लेआउटने घ्यावे ते हे बटण. फाटक पाडणे, फलाटावरचा दिवा लावणे एवढ्यावर मुले तासभर रमतात. रुळांत साधारण १२ व्होल्ट असतात, त्यांचा धोका नाही. जपायचे ते भिंतीतल्या प्लगला जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरला आणि धाकट्या भावंडाच्या तोंडात जाणाऱ्या सुट्या चुंबकांना व बटण-सेलना.

कुठली गाडी उभारावी असे कोणी विचारले तर उत्तर माथेरान. १९०७ मध्ये सुरू झालेली ती मिनी ट्रेन ६१० मिलिमीटरच्या रुळांवरून नेरळहून चढते. तिचे डबे आखूड आणि वळणे मुळातच घट्ट, त्यामुळे छोट्या फळीवर ती ओढूनताणून बसवल्यासारखी दिसत नाही. वाटेत बोगदाही एकच. तो करताना वरचा डोंगर टोपणासारखा उचलता येईल असा ठेवावा, कारण गाडी अडकते ती बहुधा बोगद्यातच.