'मुस्तफा'ला मुस्तफा कुणी केलं?

'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हे नाव परळ-लालबागमध्ये कुणाला विचारलंत तर फारसं कुणाला कळणार नाही. 'मुस्तफा' म्हणा, चाळिशीतला माणूस थांबून बोलायला लागेल. गेम एकच आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसाठी काढला. मूळ कथा मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकमधली. खेळायला चार पात्रं: जॅक टेनरेक, हॅना डंडी, मेस ओ'ब्राडोविच आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो. कंपनीच्या लेखी नायक जॅक होता. आपल्याकडच्या पोरांनी नायक बदलला आणि गेमचं नावही बदललं.

मुस्तफा चपळ होता, त्याची धावत येऊन मारलेली लाथ जबरदस्त बसायची, हे कारण सगळेच सांगतात. मला आणखी एक कारण वाटतं. बाकीची नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती. मुस्तफा हे नाव मात्र गल्लीतलं होतं, समोरच्या दुकानातलं होतं. मराठी शाळेतल्या आम्हा पोरांना पडद्यावरचं इंग्रजी धड वाचता येत नव्हतं आणि त्यामुळे काही अडतही नव्हतं. जुन्या गेमकडे लोक पुन्हा का वळतात याचं उत्तर मला इथे सापडतं. हे खेळ वाचावे लागत नाहीत, हाताला कळतात.

पार्लरच्या मशीनला तसं असणं भागच होतं. उभ्या असलेल्या माणसाने नाणं टाकलं की पुढच्या पाच सेकंदांत त्याला काय करायचं ते उमगलं पाहिजे, आणि काही मिनिटांत तो हरलाही पाहिजे. त्यातही हरणं आपल्या चुकीमुळे झालं असं वाटलं, तरच तो दुसरं नाणं काढतो. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये बनवलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये पाच रांगांत ५५ परग्रहवासी खाली सरकत येतात. जितके मारावेत तितके उरलेले वेगाने धावतात. आधी हे ठरवून केलेलं नव्हतं. मशीनचा प्रोसेसर इतका तोकडा होता की चित्रं कमी झाली की त्याचं काम हलकं व्हायचं आणि खेळाचा वेग वाढायचा. निशिकादोंनी ती अडचण तशीच ठेवली. शेवटचा एक उरल्यावर छातीत जे धडधडतं, ते त्या तोकडेपणाचं देणं आहे.

घरातला गेम आमच्याकडे उशिरा आला. निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला तो १५ जुलै १९८३ रोजी. मुंबईतल्या चाळींत नव्वदच्या दशकात पोचले ते बहुतेक त्याच धर्तीवर बनवलेले डबे. 'मीडिया', 'समुराई', 'लिटल मास्टर' ही नावं त्या काळातल्या कुणालाही आठवतील. लॅमिंग्टन रोडला, मनीष मार्केटला कॅसेट मिळायच्या. आम्ही कार्ट्रिजला कॅसेटच म्हणायचो आणि कंट्रोलरला रिमोट. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. खरं काम व्हायचं ते काढून बसवण्याने, कारण पिना नव्याने टेकायच्या. फुंकरीतला ओलावा उलट पिना खराब करायचा. पण फुंकर न मारता कॅसेट बसवणारा मुलगा मी तरी पाहिला नाही.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. पूर्ण गेम ४० किलोबाइटचा, आज मोबाईलवरच्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांना एकच आकार वापरला आहे, फक्त रंग वेगळा. पुढच्या वेळी नीट बघा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिली स्टेज कशी रचली आहे, ते तर सावकाश पाहण्यासारखं आहे. मारिओ डाव्या टोकाला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठे हे न सांगता कळलं. समोरून एक छोटा राक्षस चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात, पण खेळ नुकताच सुरू झालाय, काही गमावलेलं नाही. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा लुकलुकतो. त्याला डोकं लागलं की मशरूम बाहेर पडतं, पुढच्या पाइपला आपटतं आणि उलट फिरून तुमच्याकडेच येतं. मघाच्या राक्षसासारखंच दिसतं म्हणून तुम्ही घाबरून उडी मारता, वर विटा असतात, उडी अपुरी पडते आणि मशरूम अंगावर येतं. मारिओ मोठा होतो! ते चांगलं असतं हे असं शिकवलं जातं. एका अक्षराविना. बटण जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच, हेही बोट आपोआप शिकतं आणि तीस वर्षांनी विसरलेलं नसतं.

'काँट्रा'ची मजा वेगळी होती, तो दोघांचा खेळ. तीस लाईफ मिळवायची युक्ती पाढ्यासारखी पाठ असायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ही खूण मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी केली होती. तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता म्हणून. पण तीस लाईफ असूनही तिसऱ्या स्टेजचा धबधबा भांडण लावायचा. तिथे पडदा वर सरकतो. जो पुढे चढेल त्याच्याबरोबर सगळं वर जातं आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला मरतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही फळीवर, आई तांदूळ निवडत बसलेली, आणि आम्ही दोघं ओरडतोय, "थांब, थांब, मी खाली आहे!" दोघांनी एकमेकांसाठी थांबायचं, हे त्या गेमने आम्हाला मोठ्या कळकळीने शिकवलं.

टीव्हीवरची बदकं खेळण्यातल्या बंदुकीने टिपायचा 'डक हंट' मात्र आता तसा परत येत नाही. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं होतं. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर थोडं काम करतो, तेवढ्या उशिराने नेम हुकतो. आमची बंदूक पोटमाळ्यावर आहे, टाकवत नाही.

मधल्या काळात सायबर कॅफे आले, नोकियावरचा साप आला. पार्लर एकेक करून बंद झाली. जुने गेम वाचले ते मुख्यतः काही हौशी प्रोग्रामरांमुळे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी 'मेम'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पार्लरच्या मशीनचा मेंदू साध्या कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारा हा प्रोग्राम. मशीन भंगारात गेली तरी तिचं वागणं टिकावं, हा त्यामागचा हेतू. या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत असं मी मनापासून मानतो. पुढे कंपन्यांनाही या ओढीची किंमत कळली. निन्टेन्डोने २०१६ मध्ये तीस जुने गेम भरलेला छोटा डबा पुन्हा विकायला काढला.

मागच्या गणपतीत दादा डोंबिवलीहून आला होता. आरती झाल्यावर त्याच्या मुलीने लॅपटॉप टीव्हीला जोडला, दोन रिमोट लावले आणि विचारलं, "काका, यात करायचं काय?" दादाने काही सांगितलं नाही, रिमोट तिच्या हातात दिला. दहा मिनिटांत ती आणि मी धबधब्याला पोचलो. ती भराभर वर चढत गेली आणि मागून दादाच ओरडला, "अगं थांब, काका खाली आहे!"