‘तब्येत सुधारली’ हे कौतुक होतं तेव्हापासून

माझी आजी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली. सुट्टीत कोणी घरी आलं की गालावरून हात फिरवून म्हणायची, "तब्येत सुधारली गं तुझी", आणि तिच्या तोंडी ते निव्वळ कौतुक असायचं. मागच्या दिवाळीत तिने हेच माझ्या मामेबहिणीला म्हटलं तर ती उठून आत गेली ती जेवायलाच आली नाही. आजीला कळेचना आपण काय वाईट बोललो. वाक्य तेच, पण दोघींच्या मधे पन्नास वर्षं आहेत, आणि या पन्नास वर्षांत अंगावर मांस चढणं ही कौतुकाची गोष्ट होती ती लाजेची कशी झाली हे मी बरेच दिवस वाचतेय, त्याची ही पार्श्वभूमी.

आधीच सांगते, ‘आपल्याकडे पूर्वी असं काही नव्हतं, हे सगळं इंग्रजांनी आणलं’ असं मी म्हणणार नाही कारण ते खरं नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायाचं नावच अष्टौनिन्दितीय आहे, म्हणजे लोक ज्यांना नावं ठेवतात अशी आठ प्रकारची माणसं. फार उंच, फार बुटका, अंगभर केस असलेला, अजिबात केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार जाड आणि फार बारीक. तेव्हा नावं ठेवणं तेव्हाही होतंच. पण पुढे तो अध्याय या आठातल्या दोघांकडेच वळतो, अतिस्थूल आणि अतिकृश, आणि त्यांना काय काय त्रास होतो (अतिस्थूलाला आयुष्य कमी होणं, अशक्तपणा, घाम, अति भूक, अति तहान असे आठ) आणि त्यावर उपाय काय ते सांगतो. दोघांत कृश त्यातल्या त्यात बरा असंही म्हणतो. म्हणजे हा वैद्यकाचा प्रश्न होता, आणि बारीक माणूसही त्याच रांगेत उभा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि दुसऱ्या बाजूला दर भाद्रपदात आपण लंबोदर म्हणून ज्याची आरती करतो त्याच्या पोटाकडे बघून लाज वाटावी असं कोणाच्या मनातही येत नाही.

आजीच्या कौतुकाचं मूळ मात्र ग्रंथात नाही, दुष्काळात आहे. आपला ‘देश’ भाग म्हणजे दख्खनचं पठार, इथे भूक ही फार जुनी ओळखीची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारी कामावरच्या मजुराला रोजचं एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकंच द्यायचं ठरवलं, एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्या दराने काम करायला नकार दिला, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. मग त्यानंतर कितीतरी दुष्काळ आले आणि मग १९७२. आजी तेव्हा पंचविशीची, खडी फोडायला जायची, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. तिथे सुकडी, म्हणजे पौष्टिक म्हणून वाटलं जाणारं कोरडं पिठाचं खाणं, मिळायची, ती अजूनही सुकडीचं नाव काढलं की गप्प होते. ज्या बाईने माणसांची हाडं दिसताना पाहिलीयत तिला भरलेले गाल दिसले की बरंच वाटणार ना. ‘खात्यापित्या घरची’, ‘अंगापिंडाने भरलेली’, बाळाने ‘बाळसं धरलं’, हे सगळे शब्द त्या भुकेच्या उलट्या बाजूचे आहेत.

आणि योगायोग बघा, त्याच १९७२ साली अमेरिकेत अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने एक पेपर छापला आणि त्यात एका जुन्या गणिताला नवं नाव दिलं, बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय. गणित म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, बस. हे मूळ केटले नावाच्या बेल्जियन माणसाचं, १८३० च्या दशकातलं, तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता, त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं, एकेका माणसाची तब्येत नाही. कीजनेही सात हजारांहून जास्त लोकांची मापं घेतली, अमेरिका, फिनलंड, इटली, जपान, दक्षिण आफ्रिका, सगळे पुरुष, भारतातलं कोणीच नाही. म्हणजे ज्या वर्षी माझी आजी सुकडीवर होती त्याच वर्षी तिच्या नातीला पुढे ज्या आकड्याने मोजणार होते त्याचं बारसं झालं, आणि त्यात एकही बाई नव्हती.

मधल्या काळात विमा कंपन्या होत्या. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकन कंपनीने १९४० च्या दशकात उंचीनुसार ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले, पॉलिसी घेतलेली कोणती माणसं जास्त जगतात या हिशोबाने, आणि ते तक्ते डॉक्टरांच्या भिंतीवर गेले. मग बीएमआय आला. १९९८ मधे अमेरिकेने ओव्हरवेटची रेषा खाली आणून २५ वर ठेवली आणि लाखो लोक वजन एक ग्रॅमही न वाढता ओव्हरवेट झाले. आपल्यासाठी ती आणखी खाली, २३.

ती २३ का आणली हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, आणि ते पुण्यातल्या एका कामातून चांगलं कळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका बारीक, शेतात राबणाऱ्या. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण नीट मोजल्यावर दिसलं की आपली बाळं स्नायूंनी खूप कमी आहेत, पोटातले अवयव लहान आहेत, पण चरबी तेवढी कमी नाही. बाहेरून बारीक, आतून चरबी. २००४ मधे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मला हा फोटो प्रत्येक कार्यालयात, लग्नाच्या हॉलमधे लावावासा वाटतो. कारण आपण ज्या सडपातळ भावाला बघून ‘फिट आहे’ म्हणतो त्याला चाळिशीत डायबेटिस निघतो आणि जिला ‘जाडी’ म्हणतो तिचे रिपोर्ट नॉर्मल असतात, हे आपल्या सगळ्यांच्या घरात घडलेलं आहे. वजन आणि आजार यांचा संबंध आहे, तो मी नाकारत नाहीये, पण तो नुसत्या नजरेने मोजता येत नाही.

पण हसायला मोजावं कुठे लागतं. उमादेवी या चांगल्या गायिका होत्या, १९४७ साली नौशाद यांच्याकडे गायलेलं त्यांचं गाणं घराघरात पोचलं, पुढे त्या पडद्यावर विनोदी कामं करायला लागल्या आणि टुणटुण झाल्या. त्यांचा गळा लोक विसरले आणि नाव शाळेच्या मधल्या सुट्टीत शिवी म्हणून राहिलं. मला सहावीत तेच नाव होतं, मला तेव्हा माहीतही नव्हतं ती कोण, नंतर गाणं ऐकलं आणि रडू आलं.

यात बायका आणि पुरुष यांना एकच माप कधीच नव्हतं. नवऱ्याचं पोट सुटलं की ‘लग्न मानवलं’, बायकोचं सुटलं की ‘स्वतःकडे लक्ष नाही’. वधू पाहिजेच्या जाहिरातीत गोरी, उंच, सडपातळ हे तीन शब्द किती वर्षं एकत्र येतायत. १९९१ नंतर केबल टीव्ही आला, १९९४ ला सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या आणि शहरात स्लिमिंग सेंटरच्या बिफोर-आफ्टर जाहिराती दिसायला लागल्या, तेव्हा सडपातळला स्लिम म्हणायला लागले आणि अपेक्षा आणखी दोन इंच आत गेली. आता विवाहाच्या साइटवर बॉडी टाइप असा रकानाच असतो.

नोकरीतही तेच. एअर इंडियाच्या हवाईसुंदरी वजनाच्या नियमाविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि २००८ मधे हरल्या, पुढच्या वर्षी काहींना कामावरून काढलं. २०१७ च्या मुंबई महापालिका मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका जाड पोलिसाचा फोटो टाकून ‘हेवी बंदोबस्त’ अशी कोटी केली, तो माणूस मुंबईचाच काय महाराष्ट्राचाही नव्हता, मध्य प्रदेशचा होता, आणि त्याने सांगितलं की १९९३ च्या ऑपरेशननंतर आजारामुळे वजन वाढत गेलं. मार्च २०२५ मधे रोहित शर्माला एका पक्षाच्या प्रवक्त्या ‘खेळाडू असून जाड’ म्हणाल्या, त्याच आठवड्यात ९ तारखेला त्याने चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ७६ केल्या. पण रोहितला बॅट आहे उत्तर द्यायला, त्या पोलिसाला काहीच नव्हतं.

अमेरिकेत या विरुद्ध लोक बरेच आधी उभे राहिले, १९६७ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे जाड माणसांनी एकत्र येऊन निदर्शनं केली, मिशिगन राज्याने १९७६ मधे वजनावरून भेदभावाला कायद्याने बंदी केली, न्यूयॉर्क शहराने २०२३ मधे. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही.

माझ्या मामेबहिणीला थायरॉइड आहे. दोन वर्षं जिथे जाईल तिथे ‘आधी वजन कमी करा’ एवढंच सांगितलं, केस गळतायत, थकवा येतोय, पाळी चुकतेय सांगितलं तरी तेच, रक्त कोणी तपासलंच नाही. तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे न पाठवता आधी खुर्चीवर बसवलं आणि टेस्ट लिहून दिली. आता गोळी चालू आहे. दिवाळीनंतर मी आजीला हे सगळं सांगितलं, तिने बराच वेळ ऐकलं आणि मग विचारलं, "मग आता ती जेवते का नीट?"