तान्ह्या बाळाची झोप आणि दिनक्रम

तान्ह्या बाळाच्या झोपेच्या, दूध पिण्याच्या, अंघोळीच्या आणि खेळण्याच्या वेळांना हळूहळू एक ठरावीक क्रम लावण्याला बाळाचा दिनक्रम बसवणे असे म्हणतात. हा क्रम बाळावर लादता येत नाही. त्याच्या मेंदूतील जैविक घड्याळ जसजसे लयीत येते तसतसा तो बसत जातो.

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपते. मात्र ही झोप तुकड्यातुकड्यांची असते, कारण पोट लहान असल्याने त्याला दर दोन-तीन तासांनी भूक लागते आणि दिवस-रात्रीचा फरक त्याच्या शरीराला अजून उमगलेला नसतो. झोपेशी निगडित असलेले मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री लयबद्धपणे स्रवू लागायला साधारण तीन महिने लागतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत घड्याळ लावून बाळाला झोपवण्याचा अट्टहास आई आणि बाळ दोघांनाही थकवतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी दर चार तासांनीच दूध पाजण्याच्या कडक शिस्तीचा प्रसार केला होता. आता मात्र बाळ मागेल तेव्हा त्याला पाजावे, असेच सांगितले जाते. या वयात दिवसा घरात भरपूर उजेड ठेवणे आणि रात्री पाजताना दिवा मंद ठेवून बोलणे कमी करणे एवढे पुरेसे असते.

बाळाची जवळपास निम्मी झोप चंचल झोप असते. तीत पापण्या थरथरतात, हातपाय हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात, मध्येच कण्हल्याचा आवाज येतो. बाळ उठले असे समजून त्याला लगेच उचलले, तर झोपेत असलेले बाळ खरोखरच जागे होते. म्हणून क्षणभर थांबून पाहणे फार मोलाचे ठरते.

चार महिन्यांच्या सुमारास रात्रीची झोप लांबू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास, तर एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप हवी. या टप्प्यावर नेमक्या वेळेपेक्षा गोष्टींचा क्रम अधिक उपयोगी पडतो: अंघोळ किंवा अंग पुसणे, कपडे बदलणे, दूध, अंगाई, मग अंथरूण. तोच क्रम रोज घडला की पुढे काय होणार याचा बाळाला अंदाज येतो. डोळे चोळणे, जांभया देणे, नजर टाळणे ही पेंगुळल्याची चिन्हे दिसताच त्याला झोपवावे. वेळ टळली की अतिश्रमाने चिडचिडलेले बाळ उलट जास्त वेळ जागते. पेंगुळलेले, पण पुरते न झोपलेले बाळ अंथरुणावर ठेवल्यास मध्यरात्री जाग आल्यावर पुन्हा आपोआप झोपी जाण्याची सवय लागायला मदत होते.

दिनक्रम कोणताही असो, बाळाला प्रत्येक वेळी पाठीवरच, टणक आणि सपाट अंथरुणावर झोपवावे. जवळ उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

दात येणे, आजारपण, प्रवास किंवा रांगायला लागणे यांमुळे बसलेली घडी काही दिवस विस्कटते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय या बाबतीत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे, आणि त्याचे वजन नीट वाढत नसेल तर रात्रीचे दूध बंद करण्याआधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.