खुलासा: आगी निम्म्या झाल्या तर अग्निशमनाचा खर्चही निम्मा होतो का?

अग्निशमन दलाचं वर्षाचं बजेट घ्यायचं, त्याला घरांना लागलेल्या आगींच्या संख्येने भागायचं आणि येईल तो आकडा 'एक आग विझवण्याचा खर्च' म्हणून फिरवायचा. मग आगी निम्म्या झाल्या की खर्चही निम्मा, हे ओघानेच आलं. भागाकार बरोबर आहे. त्याचा लावलेला अर्थ नाही.

बजेटचा मोठा वाटा पगारांचा असतो. कॉल येवो न येवो, पाळ्यांमध्ये माणसं चोवीस तास तयार ठेवावी लागतात. बंब, इमारत, प्रशिक्षण यांचंही तेच. एका कॉलने वाढणारा खर्च म्हणजे डिझेल, पाणी, होजची झीज, क्वचित ओव्हरटाइम. त्या मानाने किरकोळच. गंमत म्हणजे आगी घटल्या की 'दर आगीचा खर्च' उलट वाढलेला दिसतो!

मग केंद्रं कमी का करू नयेत? फोमचं फर्निचर पेटलं की काही मिनिटांत अख्खी खोली एकदम भडकू शकते. बंब तेवढ्यात पोहोचायचा तर केंद्र जवळच हवं, मग आगी कितीही कमी लागोत.

शिवाय अमेरिकेत अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉलपैकी ५ टक्क्यांहूनही कमी प्रत्यक्ष आगीचे असतात, बहुसंख्य वैद्यकीय मदतीचे. हा भागाकार त्यांचाही खर्च आगींच्याच माथी मारतो.

आग टळल्याने वाचतात ती माणसं, घरं, भाजलेल्यांवरचे दीर्घ उपचार. ही बचत मोठी आहे, फक्त ती दलाच्या हिशेबवहीत दिसत नाही. खोट्या कॉलचंही खरं नुकसान डिझेलचं नसतं; तेवढा वेळ तो बंब दुसऱ्या कुणासाठी मोकळा नसतो.