वेनेती: नाव एक, माणसं वेगळी

व्हेनिस शहराचं नाव आलं ‘वेनेती’ या प्राचीन लोकांवरून. पण जुने ग्रंथ चाळायला घेतले की हे वेनेती एका जागी सापडत नाहीत. इटलीच्या ईशान्येला, आजच्या पादोवा आणि एस्ते शहरांच्या परिसरात ते आहेत. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, ब्रिटनी प्रांतात, ओक लाकडाच्या जहाजांवर चामड्याची शिडं लावून फिरणारे वेनेतीही आहेत. ज्यूलियस सीझरने इ.स.पू. 56 मध्ये त्यांचं आरमार बुडवलं, त्यांच्या ज्येष्ठांना ठार केलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून विकलं. पुढे इ.स. 98 च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस पूर्व युरोपातल्या ‘वेनेती’ लोकांबद्दल लिहितो. त्यांना जर्मन म्हणावं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

मग हे सगळे एकाच मोठ्या जमातीचे पांगलेले तुकडे होते का? हा मोह फार जुना आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ‘एनेतोई’ लोक ट्रॉयच्या बाजूने लढायला येतात. खुद्द पादोवाचा असलेला इतिहासकार लिव्ही सांगतो की, ट्रॉय पडल्यावर तेच एनेतोई अँटेनोर या ट्रॉयच्या सरदाराच्या मागोमाग इटलीत येऊन वसले. रोमच्या जोडीला आपलंही मूळ ट्रॉयपर्यंत नेणारी ही कथा पादोवाकरांना प्रिय असणार यात नवल नाही. पुरातत्त्वात मात्र तिला आधार मिळत नाही.

कोडं सुटायला मदत होते ती नावाच्या अर्थाची. भाषाशास्त्रात सर्वाधिक मान्य असलेली व्युत्पत्ती हे नाव ‘वेन्’ या इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, जर्मन अशा भाषांच्या सामाईक कुळातल्या) धातूशी जोडते. त्याचा अर्थ इच्छिणं, आवडणं, मिळवायला झटणं. संस्कृतात तोच धातू ‘वन्’ असा आहे. ‘वनिता’ हा शब्द त्यातूनच आला; मूळ अर्थ ‘जी हवीशी वाटते ती’, प्रिया. (तिचा वनाशी, म्हणजे रानाशी, संबंध लावू नये.) लॅटिनमध्ये याच धातूपासून प्रेमदेवता व्हीनस आली. जुन्या नॉर्समध्ये ‘विन्र’ म्हणजे मित्र, आणि जुन्या आयरिशमधला, कुटुंब किंवा कूळ या अर्थाचा ‘फिने’ हा शब्दही याच गोतावळ्यातला मानला जातो. म्हणजे वेनेती हे ‘प्रियजन’, ‘आपली माणसं’.

आणि आपल्या टोळीला ‘आपली माणसं’ म्हणण्यासाठी दुसऱ्या कुणाकडून शिकावं लागत नाही. एकाच भाषाकुळातल्या दोन टोळ्या, एकमेकींची गाठ न पडताही, एकाच धातूपासून स्वतःला तेच नाव देऊ शकतात. म्हणून नुसतं नाव जुळलं एवढ्यावर रक्ताचं नातं ठरवता येत नाही. भाषा काय होती ते पाहावं लागतं, आणि इथे इटलीतल्या वेनेतींनी आपल्यावर मोठे उपकार करून ठेवले आहेत. त्यांनी लिहून ठेवलं.

इ.स.पू. सहाव्या शतकापासून पहिल्या शतकापर्यंतचे त्यांचे शेकडो छोटे लेख सापडले आहेत. एस्ते इथे रेतिया नावाच्या देवीचं ठाणं होतं. तिला भक्त जे वाहायचे ते मला विलक्षण वाटतं: कांस्याच्या लेखण्या आणि कांस्याच्याच अक्षरपाट्या! पाट्यांवर मुळाक्षरं आहेत आणि जोडाक्षरांचा सरावही आहे. या लिपीची एक खुबी मराठी वाचकाला चटकन कळेल. मूळ लिपी इटलीतल्याच एत्रुस्कन या प्राचीन लोकांकडून घेतलेली. व्यंजन अधिक स्वर असं साधं अक्षर असेल तर ते नुसतं लिहायचं. पण अक्षराच्या शेवटी व्यंजन उरलं, किंवा अक्षराची सुरुवातच स्वराने झाली, तर त्या वर्णाच्या दोन्ही बाजूंना टिंब द्यायचं. आपण अक्षराचा पाय मोडतो, काहीसं तसंच.

एका लेखात ती वस्तूच बोलते: ‘मेगो दोनास्तो’, म्हणजे ‘मला दिलं’. रेतिया देवीला, एगेतोरा नावाच्या व्यक्तीने, आयमोसाठी आणि ‘लौदेरोबोस’, म्हणजे मुलाबाळांसाठी. ‘दोनास्तो’मध्ये आपलं ‘दान’ सरळ दिसतं. ‘लौदेरोबोस’च्या शेवटचा ‘बोस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. शाळेत ‘रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः’ घोकलेल्यांना त्यातला ‘भ्यः’ ओळखू येईल. इसोला व्हिचेंतिना इथल्या शिलालेखावर ‘वेनेत्केन्स’ असा शब्दही आहे, म्हणजे हे नाव त्यांच्या स्वतःच्या लेखनातही डोकावतं.

या लेखांवरून दिसतं की इटलीतल्या वेनेतींची भाषा इंडो-युरोपीय होती, लॅटिनच्या बरीच जवळची, पण स्वतंत्र. ब्रिटनीचे वेनेती मात्र गॉलमधले, म्हणजे प्राचीन फ्रान्समधले, केल्टिक भाषा बोलणाऱ्या जगातले. 1980च्या दशकात स्लोव्हेनियात असा दावा गाजला की वेनेतींची भाषा म्हणजे स्लोव्हेनियनचंच प्राचीन रूप. भाषाशास्त्रज्ञांनी तो फेटाळला आणि ते योग्यच झालं. तिथे लेखांतली अक्षरं सोयीने तोडून आजचे शब्द वाचले होते. ‘दोनास्तो’सारखी क्रियापदं किंवा ‘बोस’सारखे प्रत्यय लेखामागून लेखात एकाच कामासाठी येतात; त्या व्याकरणाचा हिशेब द्यायलाच हवा.

स्लाव लोकांशी, म्हणजे स्लोव्हेनियन, रशियन अशा भाषा बोलणाऱ्यांशी, हे नाव जोडलं गेलं ते वेगळ्या वाटेने. शेजारच्या जर्मन टोळ्या पूर्वेकडच्या लोकांना याच नावाने ओळखत. सहाव्या शतकात इतिहासकार जॉर्डनेस स्लावांना ‘वेनेथी’ म्हणतो, आणि जर्मनमध्ये स्लाव शेजाऱ्यांसाठी ‘वेंड’ हा शब्द पुढे अनेक शतकं चालू राहिला. हाच शब्द उत्तरेला फिनिश लोकांपर्यंत गेला. आजही फिनिशमध्ये रशियाला ‘वेनाया’ म्हणतात, तर एस्टोनियनमध्ये ‘वेनेमा’.