मानेतली गाठ, टीबीची गोळी आणि किकुची आजार

मानेला गाठ आली आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "गाठीला हात लावू देऊ नका, पसरेल." या भीतीपायी तपासणी टळते आणि किकुची आजार, म्हणजे मानेतल्या लसिका ग्रंथी सुजवणारा आणि बहुधा आपोआप बरा होणारा आजार, ओळखायचा राहून जातो, कारण तो रक्तात नाही, गाठीतच दिसतो.

1972 मध्ये जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो यांनी वेगवेगळं काम करून याचं वर्णन केलं. आजार दुर्मिळ, पण आशियात जास्त, बहुतेक चाळिशीच्या आतल्या माणसांना. मानेत, बरेचदा एकाच बाजूला, दुखऱ्या गाठी, ताप, कधी रात्री घाम, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी. आपल्याकडे एवढं ऐकलं की पहिला संशय टीबीचा आणि दुसरा लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, आणि तो चुकीचा नाहीच, पण संशयावरच सहा महिन्यांची औषधं सुरू करणं चूक आहे.

आता गाठीच्या आत काय चालतं ते बघा, मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. साध्या जंतुसंसर्गात पेशी फुटून मरतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, पू होतो. इथे सीडी8 टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या हुकमाने पेशी स्वतःच शिस्तीत मरतात, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात, केंद्रकाचे बारीक तुकडे होतात पण न्यूट्रोफिलना बोलावणं जात नाही. सफाई हिस्टिओसाइट, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, करतात आणि तो कचरा गिळून त्यांचं केंद्रक कडेला ढकललं जातं, चंद्रकोरीसारखं दिसतं. गंमत म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज (एमपीओ) हे एरवी न्यूट्रोफिलमध्ये असणारं एन्झाइम या हिस्टिओसाइटमध्ये सापडतं, म्हणून हिस्टिओसाइट ओळखणारा सीडी68 आणि एमपीओ असे दोन्ही स्टेन (पेशी ओळखायचे रंग) लावले की पॅथॉलॉजिस्टचा हात बळकट होतो. मेलेला भाग भरपूर, न्यूट्रोफिल जवळपास नाहीतच, टीबीचे ग्रॅन्युलोमा (पेशींचे गोळे) नाहीत, असं चित्र. सुईने काढलेल्या थोड्या पेशींत हे सगळं दिसेलच असं नाही, म्हणून अख्खी गाठ काढलेली बरी.

हा आजार बहुतेकांचा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो, उपचार म्हणजे ताप-दुखण्याची गोळी, जास्त त्रास असेल तर स्टिरॉइड. म्हणूनच गंडमाळेचा दोरा बांधला, पाल्याचा लेप लावला आणि गाठ गेली असे अनुभव लोक छातीठोकपणे सांगतात. अंदाजाने दिलेल्या टीबीच्या गोळ्यांनाही तसंच फुकटचं श्रेय मिळतं, वर लिव्हरला त्रास होऊ शकतो तो वेगळाच.

बायोप्सीच्या आधी सर्जनला एक नक्की विचारा, सगळी गाठ फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रवात) टाकणार का? फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही, म्हणून एक तुकडा सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी वेगळा जायला हवा. आणि रिपोर्ट किकुचीचा आला तरी एएनए ही ल्युपससाठीची रक्ततपासणी करून घ्या, ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराची) गाठ अगदी अशीच दिसू शकते आणि काहींना ल्युपस नंतरही होतो, त्यामुळे गाठ गेल्यावरही डॉक्टरांकडे अधूनमधून जात राहा.