हवा गुणवत्ता संनियंत्रण, भारतातील

मोकळ्या हवेतील प्रदूषकांचे प्रमाण नेमलेल्या केंद्रांवर, ठरलेल्या पद्धतीने व सातत्याने मोजण्याची व्यवस्था. कारखान्यांच्या धुराड्यांची व वाहनांच्या धुराची तपासणी हा वेगळा विषय आहे.

देशव्यापी मापनाचा आरंभ कोणता मानावा, याविषयी एकमत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) मोठ्या शहरांत १९७८ च्या सुमारास नोंदी सुरू केल्या; काही जण तेच आरंभवर्ष धरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कार्यक्रम १९८४ मध्ये उत्तर प्रदेशातील आग्रा व अनपारा येथील ७ केंद्रांवर सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. त्याला हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ चा आधार होता. आजचे जाळे त्यातूनच वाढलेले असल्याने १९८४ हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते. हवेतील प्रदूषकांच्या मर्यादा ठरवणारी मानके १९८२ मध्ये आली. २००९ च्या सुधारणेत एकूण तरंगत्या धुळीचे मानक वगळून पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा, समावेश झाला (वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम).

हस्तचालित केंद्रावर आठवड्यातून दोनदा, २४ तास नमुने घेतात. वर्षाकाठी १०४ दिवस. पंपाने ओढलेल्या हवेतील जाड कण चक्रवाती विलगकात वेगळे पडतात, १० मायक्रोमीटरपर्यंतचे (पीएम १०) काचतंतूंच्या गाळणकागदावर साठतात. कागद दर ८ तासांनी बदलतात, वायूंची शोषक द्रावणे दर ४ तासांनी. नमुन्याआधी व नंतर कागदाचे वजन करून फरक काढतात. कागद दोन्ही वेळा सारख्याच आर्द्रतेत ठेवून मगच तोलावा लागतो. नाहीतर ओलावाही धूळ म्हणून मोजला जातो. पुण्याच्या पावसाळ्यात हे पथ्य विशेष महत्त्वाचे. उरलेल्या पाच दिवसांची हवा नोंदीत येत नाही, मग त्यात दिवाळी का असेना. स्वयंचलित केंद्रांत बीटा किरणांच्या शोषणावरून धूळ अखंड मोजली जाते.

पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही मापन व पूर्वानुमान प्रणाली विकसित केली. ती प्रथम २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत कार्यान्वित झाली. शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव, भोसरी इ. ठिकाणी तिची केंद्रे उभारली गेली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मापने स्वतंत्र असून दोहोंचे आकडे जुळतातच असे नाही. याचे कारण निर्देशांकाच्या, म्हणजे हवेची गुणवत्ता एका आकड्यात सांगणाऱ्या मापाच्या, गणितात शोधले जाते. परंतु केंद्राची जागा व सरासरीचा कालावधी यांचा वाटा त्यात मोठा दिसतो. कर्वे रस्त्याच्या कडेची हवा आणि पाषाणच्या मोकळ्या आवाराची हवा एका आकड्यात बसत नाही.

राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक (२०१५) ८ प्रदूषकांवर आधारलेला असून प्रत्येकाच्या स्वतंत्र उपनिर्देशांकांपैकी सर्वांत वाईट तोच अंतिम मानतात. किमान ३ प्रदूषकांच्या नोंदी हव्यात. त्यांत पीएम १० वा पीएम २.५ असणे सक्तीचे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात (२०१९) पुण्याचा समावेश आहे. केंद्रे मुख्यतः शहरांत असून ग्रामीण भागात तुरळक आहेत.